एकसष्ट दिव्यांपुढचा केक

आज तुम्ही दुकानातून केक आणलात, म्हणून आठवलं. मांडवगणला आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, एकसष्टी होती. मी म्हटलं, तीन थरांचा केक घरीच करणार. सासूबाई म्हणाल्या, "पेढं आणा की. केक काय घरात व्हतोय व्हय?"

झालं, मी पेटलेच! कुकरात वाळू घालून एकेक थर भाजला आणि घरच्या लोण्यात पिठीसाखर फेटून वरून जाड क्रीम लावलं.

केक मांडला, तर सासूबाई म्हणाल्या, "आधी ओवाळायचं."

एकसष्टीचे कणकेचे एकसष्ट दिवे! ते विझू नयेत म्हणून पंखा बंद, आणि मे महिना. ताट केकच्या शेजारीच ठेवलेलं. चार बायका ओवाळून होईपर्यंत लोणी पाघळलं आणि वरचा थर निघाला घसरत. मी झडप घालून दोन्ही हातांनी केक धरला.

"सोड गं, पडू दे," सासूबाई म्हणाल्या.

"न्हाई सोडत. तुमचं ओवाळणं होऊ द्या."

क्रीम कोपरापर्यंत ओघळलं, पण शेवटची बाई ओवाळून होईपर्यंत मी हलले नाही. आबांनी माझ्या दोन हातांच्या मधूनच सुरी घातली.

सासूबाईंनी पहिला तुकडा उचलला. आबांनी तोंड उघडलं. त्यांना ओलांडून तो तुकडा सासूबाईंनी माझ्या तोंडात घातला.

"अगं, एकसष्टी माझी हाय!"

"तुमचं हात मोकळं हायेत की!"