स्टँडवरचा कॅमेरा

बायको गेल्यापासून तिचा कॅमेरा पडून होता. तो दाखवायला दुरुस्तीच्या दुकानात गेलो, तर माझ्यापुढे एक वयस्क नवरा-बायको कारागिराशी बोलत होते.

“प्रत्येक फोटोत वर काळी पट्टी येते.”

“शटरचा पडदा अडकतोय, काका. पण फोटोत सगळे गुडघ्यांवर का बसलेत?”

“उभे राहिले की मुंडकी पट्टीत जातात.”

“अहो काका, मग कॅमेरा जरा वर करायचा!”

“स्टँडवर लावलेला कॅमेरा हलवायचा नाही. तसं पुस्तकात लिहिलंय.”

“दोन वर्षं हेच ऐकतेय, दादा. माझे गुडघे कामातून गेले. आता रविवारी मुलीचं लग्न आहे. व्याह्यांना गुडघ्यांवर बसवलं, तर ते मुलाला घेऊन परत जातील!”

“नवा पडदा यायला पंधरा दिवस लागतील, काकू.”

“मग लग्न पंधरा दिवस पुढे नेऊ.”

“ऐकलंत? लग्न हलवतील, पण कॅमेरा हलवणार नाहीत!”

“बरं बाई, रविवारपुरता वर करतो. पण तू सवयीनं खाली बसू नकोस.”

“बसले तर उठवायला या.”

“येतो की. दर वेळी कोण येतं?”