उजवी पापणी

— छे हो डॉक्टर, आजार कसला, आळस आहे! बावीस वर्षं यांची बायको आहे मी, मला विचारा ना. सकाळी बघाल तर दोन्ही डोळे टक्क उघडे, आणि दुपार झाली की उजवी पापणी खाली — दुकानाचं शटर ओढल्यासारखी. घड्याळं दुरुस्त करतात हे, आणि मला म्हणतात, एका घड्याळात चार काटे दिसतात! असतात का चार काटे? नसतात. जेवताना म्हणे घास चावून दमतात — चावून कोणी दमतं का? मग मी बोलून किती दमायला हवं! अहो, हसू नका तुम्ही, गप पडून राहा, छातीला वायरी लावल्यात ना.

दमा? नाही, दमा नाही यांना. हृदयाचंही काही नाही. आणि ही आणखी एक सुई कशाला भरून ठेवलीय? ठोके फार मंदावले तर उतारा? म्हणजे मंदावतात? क्वचित? क्वचित म्हणू नका हो, यांचं नशीब नेमकं त्या क्वचितातच बसतं.

टोचलं का? थांबा — वर गेली! बघा, गेली की नाही पापणी वर? वा, काय औषध आहे! माझ्या नजरेतून काही सुटत नाही — काय? हे नुसतं मिठाचं पाणी? मुद्दाम आधी तेच देता? हो, उगाच वाटतं म्हणून बोलणारी माणसं असतात खरी.

तर मी काय म्हणत होते — आळस. गेल्या महिन्यात यांचा दुकानातला स्टूल उचलून मी दिराला दिला. गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, डुलक्या काढायच्या तर घरी जाऊन काढा. यांनी भिंग खिशात घातलं आणि निघून गेले. तसे हल्ली बोलतच नाहीत, दोन वाक्यांत आवाज नाकात जातो — मला वाटलं, नाटकं — पण हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तुमचं काम करा.

हं. हे खरं औषध का? हळू द्या हं, हळू —

अगं बाई.

अहो... दोन्ही उघडले की. डॉक्टर, तुम्हालाही दिसतंय ना? मी आपली उगाच म्हणत नाहीये ना? म्हणजे आजारच होता. दोन वर्षं आजार होता, आणि मी — असे बघू नका ना माझ्याकडे. यांच्या डोळ्यांत पाणी आलंय ते औषधानं? बरं, बरं. माझ्या डोळ्यांकडे नका बघू तुम्ही.

आता हे असंच राहणार ना? पाचच मिनिटं? हे नुसतं आजार ओळखायला, रोजच्या गोळ्या वेगळ्या? अहो, मग आधी नाही का सांगायचं, त्यातलं एक तर मी बोलण्यातच घालवलं! तुम्ही जरा बाहेर व्हा. यांना सोडून जाता येत नाही? मग ठोक्यांच्या त्या पडद्याकडे तोंड करून उभ्या राहा. मला यांची माफी मागायचीय, आणि हे मला नीट बघू शकतात तोवरच मागायचीय. तुमच्यासमोर नाही जमणार. वळा. वळा ना हो, डॉक्टर —