दुसऱ्या अंकापर्यंत

गुरुनाथ: मशीन बंद कर.

दिगंबर: जॉब लावलाय रे. एवढा कट निघू दे.

गुरुनाथ: दिगंबर, बंद कर म्हणतो ना.

दिगंबर: तू आज इंडस्ट्रियल एरियात कसा? कर्नलसाहेबांनी हाकलला काय?

गुरुनाथ: चंडीमंदिरहून सरळ येऊन राहिलो. ऑफिसातल्या एकाची स्कूटर घेतली.

दिगंबर: परत कर्फ्यू लागला? स्मिता कॉलेजात आहे.

गुरुनाथ: कर्फ्यू नाही. साताऱ्याहून फोन आला. तुझ्या मेव्हण्याचा.

दिगंबर: कृष्णकांतचा? तुझ्याकडे?

गुरुनाथ: वहिनींनी माझ्या ऑफिसचा नंबर दिला होता त्यांना. तुमच्या वर्कशॉपचा कधी लागत नाही म्हणून.

दिगंबर: मग तिनंच करायला लावला असेल. लग्नघरात अजून दोन दिवस ठेवून घेत असतील. मला विचारायचं काय त्यात, राहा म्हणावं.

गुरुनाथ: हात पूस. बस इथं.

दिगंबर: बसत नाही. बोल.

गुरुनाथ: सकाळी फुलं काढायला अंगणात गेल्या होत्या. तिथंच पडल्या. डॉक्टर यायच्या आत… वहिनी गेल्या, दिगंबर.

दिगंबर: शुक्रवारची गाडी आहे तिची.

गुरुनाथ: हो.

दिगंबर: मी स्टेशनवर जाणार होतो.

गुरुनाथ: हो रे.

दिगंबर: मशीन चालूच आहे.

गुरुनाथ: मी करतो बंद. कोणतं बटण?

दिगंबर: लाल.

(वर्ष होत आलं आहे. दिल्लीहून चंडीगडला जाणारी सकाळची बस.)

गुरुनाथ: काही बोलणार आहेस, का चंडीगडपर्यंत असाच खिडकीबाहेर पाहणार?

दिगंबर: पाहतोय कुठं. काचेवर धूळ आहे.

गुरुनाथ: साहेबाच्या पाया पडून सुट्टी काढली मी. साडूच्या घरी त्याच्या कुत्र्याशेजारी झोपलो. काहून? तर दिगंबरला आरोंदेकरांचं नाटक पाहायचं आहे. आणि दुसरा अंक संपला की दिगंबर गायब!

दिगंबर: गायब कुठं? बाहेर वड्यांच्या टेबलापाशी होतो.

गुरुनाथ: अन् थैली खुर्चीखाली सोडून गेलास. बेवारस थैली! आजकालच्या बॉम्बच्या दिवसांत!

दिगंबर: डबा होता तिच्यात.

गुरुनाथ: ते तुला ठाऊक. मागच्या रांगेतले एक काका सुरू झाले, “ही कोणाची, ही कोणाची?” बाई उठून उभ्या राहिल्या. तिकडे आरोंदेकर स्टेजवर, आणि इकडे मी अंधारात डबा उघडून दाखवून राहिलो.

दिगंबर: उघडलास?

गुरुनाथ: मग काय करू? लोणच्याचा वास चार रांगांत गेला, तेव्हा पटली त्यांची खात्री.

दिगंबर: वसुधाच्या हातचं आहे ते. शेवटची बरणी.

गुरुनाथ: मला काय माहीत. नाहीतर एक फोड खाल्ली असती.

दिगंबर: आहे अजून. खा.

गुरुनाथ: बाहेर काहून थांबलास, ते सांग आधी.

दिगंबर: मध्यंतरात वडे घ्यायला गेलो. दोन प्लेटा घेतल्या.

गुरुनाथ: मी तर नको म्हटलं होतं. पोट बिघडलं होतं माझं.

दिगंबर: तेच. तू नको म्हणाला होतास. दोन्ही हात भरले तेव्हा कळलं मला. मग घंटा झाली, लोक आत गेले. मला जाता येईना.

गुरुनाथ: प्लेटा ठेवून यायचं होतं.

दिगंबर: कुठं ठेवू, तेच सुचेना.

गुरुनाथ: हं.

दिगंबर: मागच्या वेळी त्याच टेबलापाशी उभी होती ती.

गुरुनाथ: मागच्या वेळचं वहिनींकडून शंभरदा ऐकलं आहे. तुझ्याकडून एकदाही नाही.

दिगंबर: ती सांगत असताना मी मध्ये कशाला बोलू?

गुरुनाथ: आता बोल. अंबाला यायचं आहे अजून.

दिगंबर: सांगण्यासारखं काय आहे? रविवारी सकाळी याच नाटकाचा प्रयोग होता. ती म्हणाली, आरोंदेकर इतक्या लांब आलेत, आपण पाच तास बसायला काय जातंय? स्मिताला शेजारच्या शैलजाताईंकडे ठेवली. आदल्या दिवशी आलो, धर्मशाळेत राहिलो. प्रयोग एकला संपेल, दीडची बस धरू, असा हिशेब.

गुरुनाथ: शेवटची बस ना ती?

दिगंबर: तेव्हा शेवटचीच. अंधार पडल्यावर डेराबस्सीच्या रस्त्यानं गाडी सोडत नव्हते. सकाळपासून लोक एकमेकांना तेच विचारत होते, कितीची धरणार, कितीची धरणार.

गुरुनाथ: आणि मंडळवाल्यांनी सत्कार काढला.

दिगंबर: सत्कार म्हणजे! प्रमुख पाहुणे आले नव्हते म्हणून आधी त्यांची वाट. मग नारळ, शाल. मग अध्यक्षांचं भाषण. ते काही थांबेनात. वसुधानं मध्येच जोरात टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना कळलं, सगळ्यांनी वाजवल्या. अध्यक्षांना वाटलं, भाषण आवडलं. आणखी बोलले.

गुरुनाथ: हे वहिनींनी कधी सांगितलं नाही! त्या म्हणायच्या, टाळ्या दुसऱ्याच कोणी बाईनं वाजवल्या.

दिगंबर: तिनंच. मी शेजारी होतो.

गुरुनाथ: मग?

दिगंबर: मग सुरू झालं. तो म्हातारा, त्याचा मुलगा, त्यांचं भांडण. तू पाहिलंसच. दुसऱ्या अंकाच्या शेवटी सून चहा ठेवते. म्हातारा कपाला हात लावत नाही. कोट घालतो, दाराशी जातो. आपल्याकडे पाठ. थांबतो. आणि पडदा.

गुरुनाथ: पाठीनं काम करतो यार हा माणूस.

दिगंबर: तीही तेच म्हणाली. बाहेर आलो, वडे घेतले, तिनं घड्याळ पाहिलं. वडे रुमालात बांधले आणि पळत सुटलो. रिक्षावाल्याला म्हणाली, “भैया, बच्ची अकेली है.” अकेली कसली? शैलजाताईंकडे शिरा खात बसली होती.

गुरुनाथ: आणि बसमध्ये भांडलात.

दिगंबर: भांडलो कुठं? ती म्हणाली, गेला तो, आता यायचा नाही. मी म्हटलं, येणार. चहा तसाच होता की टेबलावर. भरलेला कप टाकून कोण जातं?

गुरुनाथ: मग त्या काय म्हणाल्या?

दिगंबर: “तुम्ही सोडून कुणीही.”

गुरुनाथ: बरोबर आहे त्यांचं.

दिगंबर: भाजी खारट झाली तरी बोलणं तिथंच यायचं. तुम्हाला माणसं कळत नाहीत, म्हणायची, तुम्हाला चहा कळतो. मी म्हणायचो, एकदा तिसरा अंक पाहू, मग बोल. पुढच्या वर्षी प्रयोग लागला तर दिल्ली बंद. त्याच्या पुढच्या वर्षी स्मिताची दहावी. राहून गेलं.

गुरुनाथ: ऊठ, नाका आला. सगळ्यांना उतरवून राहिले.

हवालदार: थैला खोलो जी। इसमें क्या है?

गुरुनाथ: अचार है जी. आधी दिल्ली इसे देख चुकी है.

हवालदार: कहाँ से आ रहे हो?

दिगंबर: नाटक देखने गए थे.

हवालदार: नाटक? इस टाइम में? चलो, चढ़ो जी, चढ़ो।

गुरुनाथ: बघ, त्याला पण नवल वाटलं.

दिगंबर: स्मिता विचारेल आता.

गुरुनाथ: काय?

दिगंबर: निघताना म्हणाली, “पापा, एंड पूरा देखके आना. मुझे बताना, कौन सही था.” तिला काय सांगू? वडे धरून बाहेर उभा होतो?

गुरुनाथ: मी पाहिलं आहे ना. मी सांगतो तिला.

दिगंबर: मला सांग. मी सांगेन तिला.

गुरुनाथ: पक्का? मग म्हणशील, कशाला सांगितलंस.

दिगंबर: सांग.

गुरुनाथ: पडदा उघडतो. दाराशी कोणी नाही. मुलगा शोधून येतो, सून रडते, शेजारी येतो. बरंच काही होतं. मग दार वाजतं.

दिगंबर: आला?

गुरुनाथ: थांब ना बे. आरोंदेकर आत येतात. कोट काढत नाहीत. सरळ टेबलाशी बसतात. कप तिथंच.

दिगंबर: तोच?

गुरुनाथ: तोच. सून म्हणते, “थांबा, गरम करून आणते.” ते म्हणतात, “असू दे.” आणि पितात.

दिगंबर: गार चहा?

गुरुनाथ: गार. पूर्ण. मुलाकडे पाहत नाहीत, कोणाकडेच नाही. कप खाली ठेवतात, पडदा पडतो. मागचे काका तुझी थैली विसरले, रुमाल काढून बसले.

दिगंबर: म्हणजे जिंकलो मी.

गुरुनाथ: जिंकलास.

दिगंबर: चहावरूनच ना?

गुरुनाथ: चहावरूनच.

दिगंबर: मी म्हणत होतो. इतकी वर्षं म्हणत होतो.

गुरुनाथ: हो.

दिगंबर: मानलं नसतं तिनं. म्हणाली असती, यांनी नाटक बदललं. आधी तो जात होता.

गुरुनाथ: नक्की म्हणाल्या असत्या.

दिगंबर: काच उघडत नाही का रे ही?

गुरुनाथ: राहू दे. धूळ येईल. रुमाल घे माझा.

दिगंबर: आहे माझ्याकडे.

गुरुनाथ: घे रे.

दिगंबर: गाडी पानिपतच्या पुढं अडवून ठेवली होती त्या वेळी. स्मिता आणि मी. कोणी म्हणे रूळ उखडलेत, कोणी म्हणे तपासणी. साताऱ्याला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. थांबले होते ते लोक, पण किती थांबतील? तिला पाहिलंच नाही मी.

गुरुनाथ: तू सांगितलं नाहीस कधी.

दिगंबर: काय सांगू? कृष्णकांतनं तिची बॅग आणून ठेवली समोर. लग्नाला नेलेली. म्हणाला, दाजी, कुलूप लावलेलं आहे, आम्ही हात लावला नाही. मी तेरावं करून आलो. बॅग तिथंच.

गुरुनाथ: वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. आमच्या विनयानं दोनदा विचारलं मला, दिगंबरभाऊंनी रिझर्व्हेशन केलं का. मी म्हटलं, केलं असेल.

दिगंबर: नाही केलं.

गुरुनाथ: मला माहीत आहे.

दिगंबर: कृष्णकांत म्हणतो, तुम्ही या, नाहीतर कोणाबरोबर तरी पाठवून देतो.

गुरुनाथ: मग?

दिगंबर: म्हटलं, पाठवू नका. येतो म्हटलं.

गुरुनाथ: कधी म्हटलंस?

दिगंबर: दिवाळीत.

गुरुनाथ: झिरकपूर गेलं. सतरा सेक्टर येतंय. रेल्वे रिझर्व्हेशनची खिडकी स्टँडवरच आहे.

दिगंबर: दुपारी बंद असते.

गुरुनाथ: दोनला उघडते. मी थांबतो सोबत.

दिगंबर: काय असेल रे बॅगेत?

गुरुनाथ: काय असणार? साड्या. लग्नातली मिठाई दिली असेल त्यांनी, तिची वाट लागली असेल.

दिगंबर: स्मिताला काहीतरी घेतलं होतं म्हणे. काय, ते सांगितलं नव्हतं तिनं.

गुरुनाथ: चल, आलं. थैली घे या वेळी.

दिगंबर: तू जा घरी. विनयावहिनी जेवायच्या थांबल्या असतील.

गुरुनाथ: आणि तू?

दिगंबर: खिडकीशी बसतो. दोन तिकिटं काढतो, स्मिताचं आणि माझं. वसुधाची बॅग आणायची राहिली आहे.