बासष्ट ग्रॅम

पॅड काट्यावर ठेवलास, की नुसता हातात धरून आकडा लिहिलास? — अंदाजानं. बरं. त्या आजी लाजत होत्या, म्हणून लवकर सोडलंस. दया आली, नाही का? — बस. या कामावर तुझा पहिलाच आठवडा, म्हणून सांगते. कोरडा पॅड तोलायचा, अर्धा लिटर पाणी पाजायचं, तासभर चालवायचं, जिने चढवायचे, दहादा खोकायला लावायचं आणि तोच पॅड पुन्हा तोलायचा. जितके ग्रॅम वाढले, तितकी लघवी नकळत गेली. पन्नासच्या पुढे गेलं तरच आपले डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करतात — आणि तू अंदाज लिहितेस.

मीही एकदा खोटं लिहिलं. माझ्या सासूबाईंचं, याच खोलीत, याच काट्यावर. ‘या वयात कवायत करवतेस होय गं मेले?’ असं म्हणत, हसत हसत सगळे जिने चढल्या. बासष्ट आले होते. मी सहा लिहिले. — नाही, घाईत दोनचा आकडा लिहायचा राहिला, असं नाही. तसं मनाला पुष्कळ दिवस सांगून पाहिलं. दयाही नव्हती. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे त्यांचं करायचं कोणी? माझी बढतीची परीक्षा तोंडावर आलेली — हे कशाला बोलले मी? असो. बोलले.

त्या काय म्हणाल्या, ठाऊक आहे? ‘सहाच? मग मीच उगाच बाऊ करत होते गं.’ शरीर सांगत होतं ते त्यांनी खोटं मानलं आणि माझा कागद खरा मानला. चादर भिजू नये म्हणून पाणी पिणंच सोडलं. सकाळी भरून ठेवलेला पेला संध्याकाळी तसाच — मला दिसत होता. रोज दिसत होता. भर उन्हाळा. जंतुसंसर्ग मूत्रपिंडांपर्यंत चढला. अडीच महिन्यांत गेल्या. अजून जिन्यावर कुणी खोकलं की मी मोजू लागते — एक, दोन — आणि दहा झाले तरी मोजणं थांबत नाही.

परीक्षा? पास झाले की. ऊठ आता, आजींना परत बोलाव, नवा पॅड घे. — शिक्षा? इथं कुणी ती नोंद पुन्हा पाहिलीही नाही. देवापुढे बसवेना, तेव्हा यजमानांना मीच सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. तेव्हापासून नऊ वर्षं एका छपराखाली राहतो आम्ही. पण माझ्या हातचं पाणी ते घेत नाहीत — भरल्या ताटावरून उठतात आणि स्वतः भरून घेतात.