डिस्क चांगली आहे, मशीनही चांगलं आहे

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, "साहेब, वायर नीट जोडली होती ना?" आता नीट म्हणजे काय हो? दोन वायरी, त्या उलट्या बसतच नाहीत, मी कितीही धांदरट असलो तरी! तुम्हाला सांगतो, तीन आठवडे ती नवी हार्ड डिस्क पिशवीत घालून हिंडत होतो, आणि जो तो हातात घेऊन एकच सांगायचा, डिस्क चांगली आहे.

झालं काय, की बाबांचा आवाज गेला. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज नाही वाचला. चाळीस वर्षं वर्गात भूगोल शिकवलेला माणूस, आता मांडीवर पाटी आणि हातात खडू. पण निवृत्त झाल्यावर त्यांनी अंध मुलांच्या शाळेसाठी दोनशे बारा धडे रेकॉर्ड केले होते, आणि ते सगळे माझ्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या डिस्कवर. एकुलती एक प्रत. शाळेनं ते मागितले आणि त्याच आठवड्यात डिस्क कट् कट् वाजायला लागली... म्हणजे घटका भरत आली. म्हणून धावत जाऊन नवी आणली, जोडली, कॉपी सुरू केली, सात धडे गेले आणि स्क्रीन गोठला. माऊस हलेना, काही हलेना. बंद करून पुन्हा लावलं, नऊ धडे, पुन्हा गोठला. आणि दर वेळी जुनीचं कट् कट् वाढलेलं.

मेव्हण्याला फोन लावला. माझ्या मशीनवरचं विंडोज काढून लिनक्स घालणारा हाच. तेव्हा म्हणाला होता, "भावजी, निर्धास्त राहा, हे कधी बंद पडत नाही." आता म्हणतो, "भावजी, लिनक्सनं सगळं लिहून ठेवलेलं असतं, तुम्ही लॉग वाचा." वाचला. काय होतं त्यात? डिस्क उत्तर देत नाही, पुन्हा विचारतो. उत्तर देत नाही, पुन्हा विचारतो. अशा चारशे ओळी... आमच्या घरातलंच बोलणं कुणी उतरवून घेतलंय की काय!

दुकानदारानं स्वतःच्या मशीनला लावली, तर पळायला लागली. "बघा साहेब, डिस्क चांगली आहे." वायर बदलली, मेमरी तपासली. "मशीनही चांगलं आहे." अहो, मग वाईट कोण, मी?

बायको शांतपणे म्हणाली, "तूही चांगला, माझा भाऊही चांगला. एका खोलीत बसवलं की बिनसतं. तसंच असेल." मी ओरडलो तिच्यावर. आणि तुम्हाला सांगतो, तसंच निघालं. रविवारी मेव्हण्याचा फोन. जुनी डिस्क अडखळली, की नवीला क्षणभर काम नसतं, तेवढ्यात ही बया वीज वाचवायला झोपते, आणि माझ्या मशीनला तिला उठवता येत नाही, ते हाका मारत बसतं आणि शेवटी स्वतःच आडवं होतं. उपाय काय, तर सुरू होतानाच लिनक्सला बजावायचं, हिला झोपू द्यायचं नाही. एक ओळ. तीन आठवडे, आणि एक ओळ.

ती घातली, कॉपी धावायला लागली. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. पन्नास, शंभर, दोनशे एक... आणि कट् कट् थांबलं. जुनी गेली. अकरा धडे तिच्याबरोबर गेले. मला मान वर करवेना. म्हणून पहिला धडा लावला. "मुलांनो, तळहात पुढे करा. हे पठार. बोटांच्या मधून नद्या वाहतात..." वर्षभरानं घरात तो आवाज. बाबांनी डोळे मिटून सगळा ऐकला. मग पाटी पुसली आणि लिहिलं, "राहिलेले अकरा तू वाच. वहीत आहेत."

मी? सहावीत ह्याच माणसानं मला भूगोलात नापास केलंय. म्हटलं, "बाबा, मला नाही जमणार." पाटीवर आलं, "माईक लाव."

आता रोज संध्याकाळी मी वाचतो, बाबा शेजारी. एक शब्द घसरला की खडू पाटीवर टक् टक्, पुन्हा पहिल्यापासून. आज चौथा दिवस. एकूण धडे अकरा... आम्ही पहिल्या धड्याच्या दुसऱ्या वाक्यावर आहोत.