सरांना पटलेला शेवट

जुन्या विद्यापीठात उन्हाळी साहित्य-शिबिर भरलं होतं. वसतिगृहात लिफ्टसाठी रांग होती. खोल्या आवरणाऱ्या मावशी धुतलेल्या चादरींचा ढीग डोळ्यांपर्यंत धरून मागे उभ्या होत्या. पुढे बारा नंबरच्या खोलीतल्या मुलीला तिची मैत्रीण विचारत होती.

"पहिला नंबर! सुचली कशी गं तुला ही कथा?"

"सुचतेय कुठली? आपल्या त्या मावशी नाहीत का, त्यांनी अभ्रे बदलता बदलता सांगितली. त्यांची मुलगी इथेच शिकायची. शेवटच्या वर्षाला डोक्यावर परिणाम झाला. आता दिवसभर खिडकीपाशी बसून असते, आईलासुद्धा ओळखत नाही."

"बाई गं! पण कथेत तर ती मरते."

"आधी नव्हती मरत. सर म्हणाले, नुसती बसून राहते यात कथा कुठेय? काहीतरी घडू दे. मग जेवायच्या सुट्टीत मारून टाकली."

"मावशींना दिलीस वाचायला?"

"छे! त्यांना काय कळणार त्यातलं?"

लिफ्ट आली. मुलगी वळली, दचकली आणि लगेच गोड हसली.

"अय्या, मावशी! कशी आहे हो तुमची मुलगी?"

मावशींनी ढीग सावरला.

"बसलीय नुसती. काही घडलं नाही अजून."