शिंडर सायबाच्या दारात

"कातडं सोलणारा, आन् तो म्हणे आपल्या..." एवढंच ऐकलं बाई मी. बोरिंगवर लक्ष्मीबाई त्या गोऱ्या डॉक्टरच्या आडनावाचा अर्थ सांगून राह्यली होती, मले पाह्यलं आन् गप झाली. अर्धी गोष्ट ऐकली का घरी बसवते का? नाही बसवत. म्हणून आले मुधोळले, या महारोगाच्या दवाखान्यात, नाहीतर माझं काय काम इथं — शेजारच्या चंपाबाईच्या दंडावर चट्टा हाये, तिच्यासाठी विचारपूस. बाकावर सरका जराशा बाई, ऊन आलं.

आत ते कंपाउंडर हायेत ना, त्यायले मी सरळच विचारलं, सायबाचं आडनाव काय? शिंडर, म्हणे, जर्मनीचं. आन् अर्थ? ते हासले — मावशी, खरंच हाये, सायबाचे पूर्वज मेलेली ढोरं ओढायचे, कातडं सोलायचे. घर गावाबाहेर, गुत्त्यात प्याला वेगळा. सायेब सोताच सांगतात म्हणे, लपवत नाहीत. मी त्यायले पुन्हा सांगाले लावलं. काऊन? अहो, आमच्या सासऱ्याचा बापही तेच करत होता — तिकडं गोऱ्यायतही असते, मले काय माहीत! आता आमी बौद्ध, पोरगा मास्तर, गावाच्या मधोमध खोली. बाजूची रेणुकाबाई तिच्याच कपात चहा देते, कप इसळतही नाही पुन्हा. आन् आता हा चट्टा त्या रोगाचा निघाला, तर? पुन्हा कप वेगळा, पुन्हा गावाबाहेर... चंपाबाईचं म्हणते मी. परवा भाकर उलटताना दंड तव्याले लागला, हा एवढा फोड आला, तरी मले कळलं नाही — तिले. तिले नाही कळलं.

ती पाहा, बाहेर आली एक जण. कानाले कापूस. ओ बाई, काय केलं हो? कानाच्या पाळीले बारीकसं कापलं? ज्वारीच्या दाण्याएवढंही नाही? तपासाले? मंग सोलत नाही... पण काढते तर खरं. लक्ष्मीबाई अगदीच खोटी नव्हती — नाही, पदर राहू द्या, माझा दंड काय पाहता —

आतून कोणाले हाक मारली? बयनाबाई?

दुसरी कोणी बयनाबाई हाये का इथं? नाही?

पिशवी सांभाळा माझी, आत जाऊन येते. आन् हे पाहा, तुमी कोण्या गावच्या ते मी इचारलं नाही, तुमीही मले इथं पाह्यलं नाही...